सायलेन्सर बदलला की गाडी खरंच पळते का?

रात्री साडेअकराला गल्लीतून एखादी बुलेट फाटकन गेली की चार इमारतींमधली पोरं जागी होतात. एवढी झोपमोड करणाऱ्या त्या आवाजात शक्ती किती असते, याचा हिशेब करता येतो. सायलेन्सरच्या तोंडापासून १ मीटरवर ११० डेसिबल आहेत आणि आवाज सगळीकडे सारखा पसरतोय असं धरलं, तर उत्तर येतं जेमतेम सव्वा वॅट. रॉयल एनफिल्डचं सध्याचं ३४९ सीसीचं इंजिन ६१०० आरपीएमला २०.२ बीएचपी देतं, म्हणजे सुमारे १५,००० वॅट. त्या पंधरा हजारांतल्या सव्वा वॅटनं अख्खी गल्ली उठते, कारण आपले कान फार तिखट आहेत.

तेव्हा ‘आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली’ हे गणित जमत नाही. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो खरा, पण ती मेंदूची गंमत. तरीही सायलेन्सर आणि बेंड पाइप (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचा वाकडा पाइप) बदलून ताकद वाढवता येते, हेही खोटं नाही. फक्त ती आवाजातून येत नाही, वेळेतून येते.

पिस्टन तळाला पोहोचायच्या जरा आधीच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणारी झडप, उघडतो. आतला दाब तेव्हाही बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो, आणि तो सुटला की दाबाची एक लाट पाइपातून धावत सुटते. साध्या हवेत २० अंशांना आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. पाइपातल्या पाचशे अंशांच्या वायूत तो ५५० मीटरच्या आसपास पळतो. वायू स्वतः मागून, बराच हळू येतो. लाट पाइपाच्या उघड्या टोकाशी पोहोचली की नुसती बाहेर पडून संपत नाही. तिचा काही भाग उलटा होऊन मागे फिरतो, म्हणजे जाताना दाब असलेली लाट परतताना ओढ घेऊन येते. ही ओढ व्हॉल्व्हपाशी नेमकी कधी पोहोचते, यावर पुढचं सगळं ठरतं. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या (पिस्टन जळका वायू बाहेर ढकलतो त्या फेरीच्या) शेवटी काही क्षण दोन्ही व्हॉल्व्ह, हा आणि ताजं मिश्रण आत घेणारा, थोडे उघडे असतात, त्याला ओव्हरलॅप म्हणतात. ओढ तेव्हा आली तर सिलिंडरच्या कोपऱ्यात उरलेला जळका वायू बाहेर खेचला जातो आणि त्याच्या मागे ताजं मिश्रण आत येतं. झोपाळ्याला धक्का द्यायचा तो वेळेवर. चुकीच्या क्षणी दिला तर झोपाळा थांबतो. इथेही तसंच.

आता आकडे घालून बघू. लाटेला परतायला १ मीटरचा पाइप आहे असं समजा. जाऊन-येऊन २ मीटर, म्हणजे साधारण ३.६ मिलिसेकंद. पाइप तोच असल्यामुळे हा वेळ जवळपास बदलत नाही, इंजिन मात्र बदलत असतं. तेवढ्या वेळात २००० आरपीएमला क्रँक (पिस्टननं फिरणारा इंजिनाचा दांडा) ४४ अंश फिरतो, ४००० ला ८७ आणि ६००० ला १३१. लाट दमेपर्यंत अशा खेपा घालत राहते, त्यामुळे एखाद्या आरपीएमला तिची खेप ओव्हरलॅपशी जुळते आणि दुसऱ्या आरपीएमला हुकते. म्हणून कुठलाच पाइप सगळीकडे ताकद देत नाही. तो कुठल्या तरी पट्ट्यात देतो आणि कुठून तरी काढून घेतो. ‘पूर्ण रेंजमध्ये पिकअप वाढेल’ असं सांगणारा दुकानदार भेटला, तर चहा पिऊन परत यावं.

गॅरेजमध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘बॅक प्रेशर (पाइपातला उलटा दाब) लागतंच, नाहीतर गाडी मरते’. अनुभव खरा आहे, कारण चुकीचं आहे. वायूला बाहेर पडताना अडथळा झाला तर पिस्टनला तो ढकलावा लागतो. त्यात फायदा कुणाचाच नाही. पण जाड, म्हणजे आतून रुंद, पाइप बसवला की अडथळ्याबरोबर वायूचा वेगही कमी होतो आणि परतणाऱ्या लाटेचं वेळापत्रक बिघडतं. खालच्या आरपीएमला गाडी मरते ती त्यामुळे. घाटात तिसऱ्या गिअरवर जी बुलेट आरामात चढायची तिला दुसरा गिअर मागायला लागला, तर पाइपाची जाडी हा पहिला संशयित.

लाटांचा हा खेळ सगळ्यात उघडा दिसतो तो टू-स्ट्रोकमध्ये. तिथे व्हॉल्व्ह नाहीत, सिलिंडरच्या भिंतीत भोकं असतात, आणि एक्झॉस्टचं भोक बंद व्हायच्या आत ताजं मिश्रणही त्यातून निसटतं. पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीच्या रेसिंग विभागात वॉल्टर काडेन या इंजिनिअरनं १९५० च्या दशकात यावर पोटात फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता पाइप वापरला, ज्याला आज एक्सपान्शन चेंबर म्हणतात. रुंदावत जाणारा शंकू ओढीची लाट परत पाठवतो आणि जळका वायू उपसतो. पुढचा अरुंद होत जाणारा शंकू दाबाची लाट परत पाठवतो आणि निसटलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरात कोंबतो. १९६१ साली त्यांच्या १२५ सीसीच्या इंजिनानं २५ बीएचपी दिले, तेही टर्बो-सुपरचार्जरशिवाय. त्याच वर्षी त्यांचा रेसर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीतून पश्चिमेकडे पळाला आणि हे ज्ञान सुझुकीकडे गेलं. १९६२ मध्ये तो सुझुकीच्या गाडीवर ५० सीसीचा जगज्जेता झाला. आपल्याकडे आरएक्स १०० वर चेंबर बसवणारी मंडळी ज्या ‘किक’चं वर्णन करतात, ती हीच लाट. फोर-स्ट्रोकवाल्यांनी तिच्याशी तुलना करू नये, निराशा होते.

आज रस्त्यावरची बहुतेक गाडी फोर-स्ट्रोक आहे, आणि ३५० सीसीच्या शांत, ४००० आरपीएमला पूर्ण टॉर्क देणाऱ्या सिंगल सिलिंडरमध्ये नुसता सायलेन्सर बदलून मिळणारी वाढ, माझ्या मते, बसणाऱ्याला जाणवण्याइतकी क्वचितच असते. ११,००० आरपीएमला फिरणाऱ्या स्पोर्ट बाइकची गोष्ट वेगळी. मग ३५० वाल्यानं बदलायचा कशासाठी? वजनासाठी, हे प्रामाणिक उत्तर आहे. कंपनीचा सायलेन्सर उतरवून एकदा हातात घ्या. आत कप्पे, पडदे, दुहेरी पत्रा. स्टीलच्या तुलनेत टायटॅनियम जेमतेम ५७ टक्के वजनाचं, आणि महाग. त्याच्यावर येणारा निळा-जांभळा रंग हा रंग नसतोच. उष्णतेनं बसलेल्या ऑक्साइडच्या पातळ थराची ती करामत आहे. शंभर रुपयांच्या स्प्रेनं तो देखावा बाजारात सर्रास मिळतो, तेव्हा जपून.

आतली रचना दोन तऱ्हेची. कंपनीच्या सायलेन्सरात लाटा कप्प्यांत फिरवून एकमेकींवर आदळवतात आणि मारतात. ‘फ्री-फ्लो’मध्ये भोकाभोकांची सरळ नळी आणि तिच्याभोवती ग्लासवूल असते, आवाजाची ऊर्जा त्या तंतूंत घासून उष्णता होते. हे तंतू जळतात, उडून जातात, आणि वर्ष-दोन वर्षांत सायलेन्सर ओरडायला लागतो. म्हणून घेताना मागची टोपी स्क्रूनं उघडते की रिव्हेट ठोकलेत, ते बघा. उघडत असेल तर पॅकिंग बदलता येतं. टोकातली आवाज दाबणारी डीबी किलर नावाची छोटी नळी काढून खिशात ठेवण्यासाठी नसते. आणि ‘इंदोरी’ म्हणून जे विकलं जातं त्यात भरायला जागाच नसते, ती नुसती नळी.

कायद्याचा मुद्दा टाळता येत नाही. १७५ सीसीवरच्या दुचाकीला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे, ८० ते १७५ सीसीला ७७. ही मोजणी गाडी समोरून वेगानं जाताना ७.५ मीटरवरून होते. सुरुवातीची ११० डेसिबलवाली बुलेट तिथे साडेब्याण्णवच्या आसपास भरेल, म्हणजे मर्यादेच्या जवळपास अठरा पट आवाजशक्ती. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. जप्त सायलेन्सरांवरून रोडरोलर फिरवल्याचे फोटो पेपरात अधूनमधून येतातच. मोजणीतली एक पळवाटही सांगून टाकतो: मीटर खालच्या पट्टीतला आवाज मुद्दाम कमी धरतो, ६३ हर्ट्झला तर २६ डेसिबलनं. सिंगल सिलिंडरची धडधड याच पट्टीत, आणि बंद खिडकीतून आत येतो तोही हाच आवाज. मीटरवर पास झालेला सायलेन्सर शेजाऱ्याच्या छातीत वाजू शकतो.

राहिलं ट्यूनिंग. कार्ब्युरेटरच्या गाडीत हवा जास्त खेचली जायला लागली की पेट्रोल मागे पडतं. मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) मोठा करायचा आणि प्लग काढून बघायचा. पांढराफटक म्हणजे मिश्रण पातळ, काजळी म्हणजे जाड, विटकरी-तपकिरी हवा. बीएस-सिक्सच्या गाडीत बेंड पाइपात ऑक्सिजन सेन्सर असतो. आरामात चालवताना तो मिश्रण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल असं राखतो आणि छोटे बदल स्वतःच भरून काढतो. पूर्ण एक्सिलरेटर दिला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्याचं ऐकत नाही, कंपनीनं भरलेला तक्ता वाचतो. तो तक्ता जुन्या पाइपासाठी लिहिलेला असतो, म्हणून रिमॅपची (तो तक्ता नव्यानं लिहिण्याची) गरज पडते ती तिथे. धुरातलं प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काही गाड्यांत बेंड पाइपात असतो, काहींत सायलेन्सरच्या पोटात. दुसऱ्या प्रकारात सायलेन्सरबरोबर तोही गेला, म्हणजे पीयूसीचा प्रश्न आला.

रिमॅपला पैसे मोजायच्या आधी मात्र जॉइंट तपासा. एक्सिलरेटर सोडल्यावर फटफट फुटत असेल तर लोक ट्यूनरला धरतात. अनेकदा दोष शे-दोनशेच्या गास्केटचा असतो. फटीतून बाहेरची हवा आत येते, न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटतं. फट सेन्सरच्या आधी असेल तर त्याला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो. जॉइंटभोवती बारीक काळी रेघ दिसली की समजायचं. गार इंजिन चालू करून लगेच साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे येतात.

आणि डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या मशीनवर) जायचंच असेल तर पहिला रन जुन्या पाइपावर काढून घ्या, त्याच दिवशी, त्याच मशीनवर. नंतरच्या कागदावर सगळ्यात वरचा आकडा बघण्यापेक्षा २५०० ते ४५०० आरपीएममधल्या दोन रेघा एकमेकींवर ठेवून बघा. रोजची गाडी तेवढ्यातच चालते.