दारात घडी घालून ठेवलेली घसरगुंडी

ओझरहून विमानाने निघालेल्या नाशिककराला उड्डाणाआधी एक घोषणा हमखास ऐकू येते आणि ती तो हमखास कानाआड करतो. दार लागलेले असते, कोणी घरी 'बसलो बरं का' असा शेवटचा फोन करत असतो, कोणी द्राक्षांची पेटी वरच्या कप्प्यात आडवी मावते की उभी, हे पाहत असतो आणि तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर इंग्रजीत 'केबिन क्रू, आर्म डोअर्स अँड क्रॉसचेक' असे काहीसे शब्द येतात. पुढच्या रांगेत बसलेल्याने त्या वेळी दाराकडे नीट पाहावे. तिथे उभी असलेली कर्मचारी दारावरच्या एका छोट्या तरफेतून लाल फीत लावलेली खीळ उपसते, तरफ खाली करते, आणि मग समोरचे दार सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने तेच केले आहे ना, याची खात्री करून घेते. एअरबस ए३२० जातीच्या विमानात हे काम काही सेकंदांत उरकते, पण त्यानंतर ते दार साधे दार राहत नाही. आता ते आतून उघडले तर बाहेर एक मोठी, फुगवलेली घसरगुंडी उभी राहील.

विमानातील इमर्जन्सी स्लाइडविषयी बोलताना ती किती झटपट फुगते, याचेच कौतुक जास्त होते. ते योग्यच आहे, परंतु माझ्या मते या यंत्रणेतील खरी अवघड गोष्ट वेगळी आहे. हेच दार दिवसातून कितीतरी वेळा प्रवाशांसाठी, खानपानाच्या गाडीसाठी, सफाईसाठी उघडते, आणि त्या प्रत्येक वेळी घसरगुंडीने निमूट घडीतच राहायचे असते. वर्षानुवर्षांत एखादाच प्रसंग येतो, तेव्हा मात्र तिने क्षणाचाही उशीर न करता फुगायचे असते. फुगणे आणि न फुगणे या दोन्ही गोष्टी सारख्याच भरवशाने घडवून आणणे, ही या रचनेची कसोटी आहे.

ती कसोटी एका आडव्या दांडीवर पेलली आहे. दाराच्या आतल्या बाजूला, खालच्या भागात, जो फुगीर पेटीसारखा भाग दिसतो, त्यात घसरगुंडी करकचून घडी घालून बसवलेली असते. तिच्या वरच्या टोकाला जाड कापडी पट्टा असतो आणि पट्ट्याच्या शेवटी धातूची दांडी. तिला 'गर्ट बार' म्हणतात. तरफ वर असते तेव्हा दांडी दारालाच जोडलेली असते, त्यामुळे दार उघडले की पेटी, घडी आणि दांडी सगळे दाराबरोबर निघून जाते. तरफ खाली केली की दांडी दार सोडते आणि उंबरठ्याजवळच्या खोबणीत अडकते. आता दार बाहेर सरकले तर पट्टा ताणला जातो, घडी पेटीतून खेचली जाते आणि स्वतःच्या वजनाने खाली पडते. पडता पडता एक दोरी ओढली जाते आणि वायूच्या नळकांड्याची झडप उघडते. काही कारणाने ती उघडली नाही, तर पट्ट्याच्या उजव्या कडेला हाताने ओढायची लाल मूठ असतेच. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या हडसन नदीत ए३२० उतरवावे लागले, तेव्हा पुढच्या डाव्या दाराची स्लाइड आपोआप फुगली नव्हती. ती या मुठीनेच फुगवावी लागली, आणि विमानातील सर्व १५५ जण वाचले.

फुगण्याचे भौतिकशास्त्र समजून घ्यायला ओझरपर्यंत जाण्याची गरज नाही, स्वयंपाकघरातली गॅसची शेगडी पुरेशी आहे. शेगडीचे बर्नर उचलून खालची नळी पाहिली तर दिसेल, की सिलिंडरचा गॅस एका बारीक छिद्रातून जोराने नळीत शिरतो आणि त्या झोताबरोबर नळीच्या तोंडाजवळची हवा आपोआप आत ओढली जाते. निळी ज्योत मिळते ती या मिश्रणामुळे. घसरगुंडीच्या कडेला बसवलेले 'अ‍ॅस्पिरेटर' नेमके हेच करतात. नळकांड्यात वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाने वायू कोंबलेला असतो. तो अ‍ॅस्पिरेटरमधून झोताने निघतो आणि आजूबाजूची हवा स्वतःबरोबर ओढून नेतो. फुगलेल्या घसरगुंडीत जी हवा असते, तिचा मोठा हिस्सा असा बाहेरून आलेला असतो. सगळा वायू नळकांड्यातूनच पुरवायचा ठरवला असता तर प्रत्येक दारापाशी कितीतरी जड नळकांडे बाळगावे लागले असते, आणि विमानात किलोकिलोचा हिशेब असतो. घसरगुंडीच्या फुगणाऱ्या नळ्या भरत आल्या की अ‍ॅस्पिरेटरच्या झडपा आतल्या दाबानेच मिटतात, म्हणजे आलेली हवा परत जात नाही. आतला अंतिम दाबही फार नसतो, मोटारीच्या चाकातील हवेच्या सुमारे दशांश; पण नळ्या रुंद असल्याने तेवढ्यावर माणसांची रीघ पेलता येते.

नळकांड्यात काय भरायचे, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. कार्बन डायऑक्साइड दाबाखाली द्रवरूप होतो, म्हणून थोड्या जागेत पुष्कळ मावतो. मात्र तो झपाट्याने प्रसरण पावला की इतका थंड होतो, की त्याचा बर्फ होऊन वाट तुंबण्याची भीती असते. म्हणून त्यात नायट्रोजन मिसळतात, जो थंडीत गोठत नाही आणि मागून जोरही देतो. कडाक्याच्या थंडीत आणि रणरणत्या उन्हातही हे मिश्रण सारखेच वागावे लागते, कारण अपघात हवामान पाहून होत नाहीत.

विमान जमिनीवर नीट उभे असताना दाराचा उंबरठा सहा फुटांपेक्षा, म्हणजे १.८३ मीटरपेक्षा, उंच असेल तर खाली उतरण्याचे साधन असलेच पाहिजे, असा अमेरिकी आणि युरोपीय नियम आहे. पंख्यांच्या एटीआर विमानाला घसरगुंडी नसते, ती त्यामुळे. त्याचे दार इतके खाली असते की उडी मारता येते. ए३८० च्या वरच्या मजल्याचे दार मात्र जमिनीपासून सुमारे ८ मीटर उंच असते, आणि तिथून खाली पाहिल्यावर धडधाकट माणसाचेही पाय लटपटतील. फुगवायची घसरगुंडी येण्यापूर्वी कापडाची घसरण असे. आधी दोन-तीन दणकट माणसांनी दोरीने खाली उतरायचे आणि मग तिची टोके ताणून धरायची, तेव्हा कुठे बाकीचे घसरणार. विमान पेटलेले असताना खालची माणसे ते टोक किती वेळ धरून ठेवतील, हे सांगणे न लगे.

आजच्या स्लाइडने कशाकशाला पुरे पडावे, याचे नियम वाचताना गंमत वाटते, कारण प्रत्येक कलमामागे कोणाच्या तरी डोळ्यांसमोर उभे राहिलेले संकट दिसते. उलगडायला लागल्यापासून साधारण ६ सेकंदांत ती उभी राहिली पाहिजे. २५ नॉट्स, म्हणजे ताशी सुमारे ४६ किलोमीटर वेगाचा वारा सर्वांत गैरसोयीच्या दिशेने आला तरी ती टिकली पाहिजे. एखादे चाक मोडून विमान कलंडले, एक दार जमिनीला टेकले आणि दुसरे उंच उचलले गेले, तरी दोन्हीकडे तिचे टोक जमिनीपर्यंत पोहोचले पाहिजे. आणि एकदा नव्हे, ओळीने पाच वेळा ती चाचणीत बिनचूक फुगली पाहिजे.

रंगाचीही एक गोष्ट आहे. जुन्या छायाचित्रांत घसरगुंड्या पिवळ्या दिसतात, आताच्या चंदेरी-राखाडी असतात. १ मार्च १९७८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सचे डीसी-१० विमान धावपट्टीवरून घसरून पेटले, तेव्हा ज्वाला थेट न लागताही केवळ आगीच्या धगीने स्लाइड निकामी झाल्या. होळीपासून चार हात दूर उभे राहिले तरी चेहरा भाजल्यासारखा होतो, तीच ही प्रारित उष्णता. त्यानंतरच्या संशोधनातून कापडावर अ‍ॅल्युमिनियमयुक्त लेप देण्याची पद्धत आली, जो धग परतवून लावतो, आणि धगीची चाचणी नियमांत आली.

संपूर्ण विमानाची परीक्षा वेगळी असते. ४४ हून अधिक आसनांचे विमान अंधारात, निम्मी दारे बंद समजून, ९० सेकंदांत रिकामे करून दाखवावे लागते. चाचणीतल्या प्रवाशांमध्ये किमान ४० टक्के स्त्रिया आणि ३५ टक्के पन्नाशीपुढचे लोक हवेत, आणि तान्ह्या मुलांच्या जागी माणसाएवढ्या नव्हे तर बाळाएवढ्या तीन बाहुल्या कडेवर घ्याव्या लागतात. २६ मार्च २००६ रोजी हॅम्बर्गमध्ये ए३८० च्या चाचणीत ८५३ प्रवासी आणि २० कर्मचारी ७८ सेकंदांत बाहेर आले. एकाचा पाय मोडला. चाचणीत कोणाच्या हाती बॅग नव्हती, हे मात्र ध्यानात ठेवावे. माणसे दोन रांगांनी सेकंदा-सेकंदाला सुटत असताना एकाने वरचा कप्पा उघडला, तर मागची सगळी रांग अडते, आणि बॅगेच्या चाकाने किंवा टोकदार टाचेने कापड फाटले तर ते दारच वापराबाहेर जाते. म्हणून उंच टाचांच्या चपला काढायला सांगतात. बसून, चाचपडत उतरायचे नसते. हात छातीशी घेऊन सरळ उडी मारायची असते. साडी नेसलेल्या बाईंनी निऱ्या एका हाताने आवरल्या तर बरे, एवढे मी माझ्याकडून सांगेन, कारण हे सूचनापत्रात लिहिलेले नसते.

वाऱ्याचे कलम किती खरे आहे, ते ३ ऑगस्ट २०१६ रोजी दुबईत दिसले. तिरुवनंतपुरमहून गेलेले एमिरेट्सचे बोइंग ७७७ धावपट्टीवर आदळून पेटले. जोराच्या वाऱ्याने काही घसरगुंड्या उचलल्या, वळवल्या आणि वापरता येईनाशा केल्या, आणि त्यात काही प्रवासी सामान काढण्यात गुंतलेले होते. तरीही विमानातील सर्व ३०० जण बाहेर पडले; विझवायला आलेला एक अग्निशमन जवान मात्र स्फोटात मृत्युमुखी पडला.

न फुगण्याच्या बाजूकडेही पाहिले पाहिजे. दार आर्म, म्हणजे घसरगुंडी फुगण्यास सज्ज, असताना कोणी ते सवयीने उघडले, तर शिडीवरच्या किंवा खाली उभ्या असलेल्या माणसावर ती घडी प्रचंड जोराने कोसळते आणि फुगते. यासाठी ए३२० मध्ये दार बाहेरून उघडले की दांडी आपोआप खोबणीतून सुटते, म्हणजे मदतीला आलेल्यांना धोका उरत नाही. दाराच्या छोट्या खिडकीजवळ एक पांढरा दिवाही असतो. आर्म दाराची मूठ आतून उचलू लागताच तो लागतो आणि उघडणाऱ्याला थांबवतो. बोइंग ७३७ मध्ये ही सोय नाही. तिथे कर्मचारी वाकून दांडी स्वतःच्या हाताने जमिनीच्या कड्यांत अडकवतात आणि दाराच्या खिडकीवर लाल पट्टी तिरपी ओढतात. बाहेरून आलेल्याला काचेतून ती पट्टी दिसली, की दाराला हात लावायचा नाही, एवढा साधा संकेत. मला हा संकेत इलेक्ट्रॉनिक दिव्यापेक्षा जास्त आवडतो, कारण तो बॅटरीवर चालत नाही.

आणीबाणीतही न उघडण्याचा निर्णय तितकाच महत्त्वाचा ठरतो. मूठ उचलण्याआधी कर्मचारी खिडकीतून बाहेर पाहतात. खाली आग असेल, इंजिन चालू असेल, पाणी चढलेले असेल, तर ते दार बंद ठेवायचे आणि प्रवाशांना दुसरीकडे वळवायचे. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे ए३५० उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले आणि पेटले. आतली ध्वनिक्षेपक यंत्रणा बंद पडली होती, म्हणून कर्मचारी कर्णा आणि स्वतःचा आवाज वापरत होते. आठ दारांपैकी पाच दारे त्यांनी वापरली नाहीत. पुढची दोन आणि मागचे डावे, अशा तीन दारांच्या घसरगुंड्यांवरून ३७९ माणसे खाली उतरली.