कलम ८ कंपनीची नोंदणी : अर्ज कुठे अडतो?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खाली शिक्षण, आरोग्य, पर्यावरण किंवा समाजकल्याणासाठी कंपनी काढता येते. खासगी कंपनीसाठी किमान दोन सभासद आणि दोन संचालक लागतात. किमान भांडवलाची अट नाही. अर्ज ऑनलाइन असून पॅन, आधार, छायाचित्रे आणि डिजिटल स्वाक्षरी ही तयारी सहज होते.

अडचण येते ती उद्देश लिहिताना. या कंपनीला नफा मिळवण्यास मनाई नाही, तो लाभांश म्हणून वाटण्यास मनाई आहे. लातूरकडच्या महिला गटाने तुरीची डाळ करून विकली, काम करणाऱ्यांना वाजवी मजुरी दिली आणि उरलेला पैसा उद्देशासाठीच वापरला, तर हरकत नाही; परंतु ‘दिवाळीला शिल्लक सभासदांत वाटू’ असा बेत असेल, तर कृपया हा मार्ग धरू नये. शेतकऱ्यांना वाटणीच हवी असेल, तर किमान दहा उत्पादकांची शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्था योग्य. पुढील तीन वर्षांचे अंदाजपत्रकही याच कसोटीवर पाहिले जाते, त्यामुळे उत्पन्न कुठून येणार आणि कशावर खर्च होणार, हे स्पष्ट लिहावे.

अनेक अर्ज रखडतात ते कार्यालयाच्या पत्त्यावर. दोन महिन्यांच्या आतले वीजबिल आणि घरमालकाचे नाहरकत पत्र मागितले जाते. आपल्याकडे मात्र बिल वारलेल्या आजोबांच्या नावावर, घर वडिलांच्या ताब्यात आणि गावठाणातील घराला सातबारा नाही. छाननी हरियाणातील मानेसरच्या केंद्रात होते. तिथे बसून गावातली वहिवाट कोणाला कळणार? म्हणून वीजजोडणीवरील नाव आधी बदलून घ्यावे आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा (घरपट्टी आकारणीचा) उतारा त्याच मालकाच्या नावाचा जोडावा.

नाव मंजूर झाल्यावर, जादा शुल्क भरून मुदत वाढवली नाही, तर ते २० दिवसच राखून ठेवले जाते. ही मुदत मंजुरीच्या दिवसापासून धावते, कागद जमल्यापासून नव्हे. तेव्हा कागद हाती आल्यावरच नाव मागावे.

नोंदणीचे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे देणगीदारांना करसवलत लागू झाली, असे होत नाही. त्यासाठी आयकर विभागाकडे वेगळा अर्ज करावा लागतो, आणि ती नोंदणी झाल्याशिवाय सीएसआर निधीसाठीचा (मोठ्या कंपन्या सामाजिक कामासाठी देतात तो पैसा) सीएसआर-१ अर्जही भरता येत नाही.