चोर सोडून कॉइलला फाशी

जुन्या पिनबॉल यंत्राचे फ्लिपर, म्हणजे चेंडू वर टोलवणारे दांडे, मंदावले की कॉइल ‘म्हातारी झाली’ असे म्हणून ती बदलण्याची प्रथा आहे. वास्तविक तांब्याच्या गुंडाळीला म्हातारपण येत नाही. ती जळते, तुटते किंवा तिचे वेढे आतल्या आत जुळतात, पण एरवी चाळीस वर्षांनीही पहिल्याइतक्याच जोराने ओढते.

शिकागोच्या विल्यम्स कंपनीची 1980च्या दशकाच्या उत्तरार्धातली यंत्रे पाहा. त्यांच्या फ्लिपरच्या कॉइलमध्ये, म्हणजे शाळेत शिकलेल्या नालकुंतलात, दोन गुंडाळ्या असतात. एका नेहमीच्या प्रकारात जाड तारेच्या गुंडाळीचा रोध 4.7 ओहम आणि बारीक तारेच्या गुंडाळीचा 160 ओहम असतो. बटण दाबताच सुमारे 50 व्होल्टला जाड गुंडाळीतून दहा अँपिअरहून अधिक धारा वाहू पाहते, लोखंडी दट्ट्या आत खेचला जातो आणि फ्लिपर उसळतो. तो टोकाला पोहोचला की एक पत्तीचा स्विच उघडून जाड गुंडाळी तोडतो, कारण फ्लिपर नुसता धरून ठेवायला बारीक गुंडाळीतली 0.3 अँपिअर धारा पुरते. स्विच उघडलाच नाही, तर मुठीएवढ्या कॉइलमध्ये पाचशे वॉटच्या आसपास उष्णता निर्माण होऊन ती करपते. अशा वेळी फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणाऱ्याला कोपरापासून नमस्कार.

खरा चोर हा स्विचच. प्रत्येक वेळी उघडताना ठिणगी पडून त्याच्या टंगस्टनच्या टिकल्यांवर खड्डे आणि काजळी साचते. त्यामुळे मार्गात फक्त 2 ओहम वाढले, तर 4.7चे 6.7 होतात आणि धारा साडेदहा अँपिअरवरून साडेसातवर येते. ओढ धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने, ढोबळ हिशेबाने, ती निम्मी होते! ‘जादा ताकदीची’ म्हणून विकली जाणारी कॉइल इथे कामाची नाही. तिचा रोध मुळातच कमी असल्याने त्याच 2 ओहमांचा तिला अधिक फटका बसतो.

म्हणून आधी यंत्राचा प्लग काढावा, टंगस्टनच्या टिकल्या बारीक कानशीने उजळाव्यात आणि फ्लिपर पूर्ण वर असताना त्यांच्यात सुमारे 3 मिलिमीटर फट पडेल अशी पत्ती वाकवावी. ठिणगी शोषण्यासाठी स्विचला जोडलेला कपॅसिटरही तपासावा. मात्र खेळपटावरच्या गुण मोजणाऱ्या स्विचना कानस लावू नये. त्यांच्यावर सोन्याचा पातळ मुलामा असतो आणि त्यांना टिकल्यांमधून ओढलेली कोऱ्या कार्डाची पट्टी पुरते.