‘छातीत दुखतंय का?’ या प्रश्नामागचा इतिहास

हृद्रोगाचे पाच प्रकार आयुर्वेदाच्या जुन्या संहितांत सांगितलेले आहेत. पण आज दवाखान्यात जे प्रश्न विचारले जातात, त्यांचा उगम 1768 मध्ये लंडनमध्ये वाचल्या गेलेल्या आणि 1772 मध्ये छापून आलेल्या एका डॉक्टरच्या निबंधात आहे. चालताना, विशेषतः चढावर किंवा जेवण झाल्यावर, छातीत उठणारी आणि थांबताच ओसरणारी ही व्यथा त्या डॉक्टरने नुसते दुखणे म्हणून नव्हे, तर घुसमट म्हणून नोंदवली. या व्यथेच्या ‘अंजायना’ या लॅटिन नावातही आवळण्याचाच अर्थ आहे. त्याने पाहिलेल्या सुमारे 100 रुग्णांत स्त्रिया फक्त 3 होत्या, बाकीचे जवळजवळ सारे पन्नाशीच्या आसपासचे किंवा त्यापुढचे पुरुष. ‘ठरावीक हृदयरुग्णा’चे चित्र मनात बसू लागले ते बहुधा इथूनच.

विसाव्या शतकाच्या आरंभी ईसीजी आला, आणि हृदयाच्या धमनीत गुठळी अडकूनही रुग्ण जगू शकतो हे 1912 मध्ये शिकागोच्या एका डॉक्टरने मांडले.

खरा गुंता झाला तो ‘अटिपिकल’, म्हणजे ठरावीक साच्यात न बसणारा, या शब्दाने. छातीच्या मध्यभागी त्रास होणे, श्रमाने तो वाढणे आणि विश्रांतीने किंवा जिभेखालच्या गोळीने थांबणे, या तीन खुणांपैकी दोनच जुळल्या तर त्रास ‘अटिपिकल’ मानायचा, अशी रीत 1979 नंतर रूढ झाली. तांत्रिक अर्थ ‘शक्यता आहे, तपासा’ असा होता. ऐकणाऱ्याने तो ‘हृदयाचे नाही, गॅस असेल’ असा घेतला, आणि त्याचा फटका स्त्रियांना आणि मधुमेहींना अधिक बसला, कारण धाप, मळमळ, जबड्यातली किंवा पाठीतली कळ त्यांच्यात वारंवार दिसते. (स्त्रियांतही छातीतला त्रास हेच सर्वांत जास्त आढळणारे लक्षण आहे, हे मात्र या वादात हरवते.) अखेर 2021 मध्ये अमेरिकी तज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेने हा शब्द बाजूला सारून ‘हृदयाशी संबंधित’, ‘संबंध असू शकेल असे’ आणि ‘असंबंधित’ अशी वर्गवारी सुचवली. शब्द बदलल्याने निदान बदलत नाही, हा आक्षेप रास्त असला तरी माझ्या मते हा निर्णय उशिराच झाला.

त्याच मार्गदर्शिकेने दडपण, आवळल्यासारखे वाटणे, धाप आणि थकवा यांनाही ‘छातीतील वेदने’च्या कक्षेत घेतले. आपल्याकडे रुग्ण हेच पूर्वीपासून सांगत आला आहे. ‘दुखत नाही हो डॉक्टर, जिना चढला की नुसतं भरून येतं, घाबरं होतं,’ असे म्हणत तो मूठ छातीच्या मधोमध टेकवतो, आणि केसपेपरवर मात्र ‘छातीत दुखणे : नाही’ अशी नोंद होते. पहिला ईसीजी सामान्य येऊ शकतो आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे सांगणारे ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात दिसायला काही वेळ लागतो. तोवर हातात असते ती एवढी नोंदच.