हँडहेल्ड स्कॅनरसाठी अँटेनाची निवड

हँडहेल्ड स्कॅनर हा हातात मावणारा, फक्त ऐकणारा रेडिओ. भरून ठेवलेल्या वारंवारतांवरून तो भराभर फिरतो आणि कुणी बोलताना सापडले की तिथे थांबतो. विमाने, मालगाड्या, बोटी, अग्निशमन दल यांची बोलणी ऐकण्याचा छंद अमेरिकेत चांगलाच मुरला आहे. भारतात रेडिओ उपकरण नुसते बाळगायलाही परवानगी लागते. १९३३ च्या कायद्यात ही अट होती, २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही आहे. त्यामुळे पुढची माहिती आपल्याकडे कामी येते ती मुख्यतः परवानाधारक हॅम मंडळींना, म्हणजे हौसेने रेडिओवर बोलणाऱ्यांना.

अँटेनाला पारिभाषिक मराठीत ‘आकाशक’ असा सुरेख शब्द आहे. वापरतो मात्र सगळे अँटेनाच. स्कॅनरच्या खोक्यात येतो तो आखूड, काळा ‘रबर डक’. वरचे रबर सोलले तर आत बॉलपेनातल्या स्प्रिंगसारखी तारेची गुंडाळी निघते. लांब तार गुंडाळून तिची उंची कमी केलेली असते, आणि त्याची किंमत क्षीण ऐकू येण्यात मोजावी लागते. शिवाय या एका बोटभर वस्तूने विमानापासून पोलिसांपर्यंत सगळे पकडावे अशी अपेक्षा असते. म्हणून ती सगळीकडे जेमतेम चालते.

अँटेना निवडताना किमतीच्या आधी लांबी पाहावी. साध्या उभ्या दांड्याची लांबी तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाइतकी असावी. ७५ ला मेगाहर्ट्झने भागले की ती मीटरमध्ये मिळते. प्रत्यक्षात पाचेक टक्के कमी धरतात. विमानांचा पट्टा ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ, म्हणजे सुमारे ५६ सेंटिमीटर. बोटींच्या सागरी व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारता) पट्ट्याला साधारण ४५, आणि १६० मेगाहर्ट्झच्या आसपास बोलणाऱ्या अमेरिकी रेल्वेला त्याहून किंचित कमी. ४५० मेगाहर्ट्झला १६, तर ८०० च्या पट्ट्याला आठ-नऊ सेंटिमीटर पुरतात. जुन्या मापात सांगायचे तर बोटींना एक हात, विमानांना सवा हात, ४५० ला वितीहूनही कमी. कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलसारखी काही पोलीस दले अजून ४० मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. तिथे पावणेदोन मीटरची काठी लागेल, ती हातात धरून कोण फिरणार?

त्यामुळे टेलिस्कोपिक दांडा हा स्वस्त आणि खरोखर उपयोगी पर्याय. हवा तेवढा ओढायचा, पट्टा बदलला की खाली ढकलायचा. पूर्ण ओढला की जास्त ऐकू येईल हा समज मात्र चुकीचा आहे. ८०० मेगाहर्ट्झसाठी तो जवळजवळ बंदच बरा. डायमंड कंपनीचा आरएच७७सीए हा लवचीक दांडा १४४ आणि ४३० मेगाहर्ट्झच्या हॅम पट्ट्यांसाठी बनवलेला आहे, पण ऐकणारेही तो आवडीने लावतात. दोन पट्ट्यांचे हे जमते, कारण चौथ्या हिश्शाचा दांडा तिप्पट वारंवारतेलाही बऱ्यापैकी जुळतो: १४४ च्या तिप्पट ४३२. प्रसारण करणाऱ्याला जुळणी काटेकोर लागते, नाहीतर उलटलेली शक्ती संचाला त्रास देते. ऐकणाऱ्याला चूक झाली तर फक्त आवाज क्षीण येतो, तेव्हा प्रयोग बिनधास्त करावेत.

अँटेना संचाला कोणत्या जोडणीने बसतो ते आधी तपासावे; बीएनसी आणि एसएमए हे नेहमीचे दोन प्रकार. बीएनसी पाव वळसा देऊन खटकन बसते आणि धक्के सोसते. एसएमए नाजूक असते; तिच्यावर लांब दांडा लावून संच खिशात कोंबला की तरफेसारखा जोर येऊन सॉकेट सैल होते. एसएमएमध्येही नर-मादी असते: बाओफेंग कंपनीच्या संचावर खुंटी असते, याएसू कंपनीच्या संचावर भोक. हे न पाहता मागवलेला अँटेना हमखास परत पाठवावा लागतो.

दांडा हा अँटेनाचा अर्धाच भाग; हातातल्या संचात दुसरा अर्धा म्हणजे संचाचे धातूचे अंग आणि धरणाऱ्याचे शरीर. चौथ्या हिश्शाएवढी साधी तार जोडणीच्या बाहेरच्या कड्याला बांधून खाली लोंबती सोडली, तर व्हीएचएफवर फरक जाणवतो. हॅम लोक तिला ‘टायगर टेल’ म्हणतात. कमरेला लटकवलेला संच निम्मी दिशा अंगाआड घालवतो. अँटेना उभा धरणेही महत्त्वाचे, कारण अशी बहुतेक प्रसारणे उभ्या ध्रुवणाची असतात, म्हणजे त्यांच्या लहरी उभ्या दिशेत हेलकावतात.

उंचीपुढे मात्र सगळे अँटेना फिके पडतात. दीड मीटरवरून रेडिओ क्षितिज जेमतेम पाच किलोमीटर, सोळा मीटरवरच्या गच्चीवरून सोळाच्या पुढे. दहा हजार मीटरवरचे विमान चारशे किलोमीटरवरूनही ‘दिसते’. म्हणूनच वैमानिकाचे उत्तर खणखणीत येते आणि विमानतळावरच्या मनोऱ्याचा प्रश्न ऐकूच येत नाही. गच्चीवर डिस्कोन, म्हणजे अनेक पट्टे एकदम पकडणारा अँटेना लावणाऱ्याने केबलवर पैसे वाचवू नयेत: आरजी-५८ केबल ८०० मेगाहर्ट्झच्या पुढे दर वीस मीटरला सुमारे दहा डेसिबल खाते, म्हणजे दहातला एकच हिस्सा संचापर्यंत पोचतो.

मोठ्या अँटेनाने बिघडतेही. शहरात ८८ ते १०८ मेगाहर्ट्झची एफएम केंद्रे शेजारच्या विमान पट्ट्यात घुसतात आणि संच बधिर होतो. तिथे एफएम अडवणारा फिल्टर किंवा संचावरचे, आत येणारा सिग्नल मुद्दाम क्षीण करणारे ‘एटीटी’ बटण अँटेनापेक्षा जास्त कामाचे. अमेरिकेत आणखी एक पेच आहे: सायमलकास्ट. बरेच मनोरे एकाच वारंवारतेवर तोच डिजिटल संदेश एकदम सोडतात, तो किंचित मागेपुढे पोचतो आणि शब्दांचा भुगा होतो. जोरदार अँटेना जास्त मनोरे ओढून आणतो आणि गोंधळ वाढवतो. युनिडेन कंपनीने २०१८ मध्ये एसडीएस१०० हा स्कॅनर आणला तो याच अडचणीसाठी. ज्यांच्याकडे तो नाही ते एकाच मनोऱ्याकडे तोंड करून यागी, म्हणजे एकाच दिशेचे जास्त ऐकणारा अँटेना लावतात. काही जण तर अँटेना काढून बीएनसीच्या मधल्या भोकात सरळ केलेली पेपरक्लिप खोचतात, आणि जवळचा एकच मनोरा शिल्लक राहिला की बोलणे साफ येते.