ओव्याचा काढा आणि जठरातला जंतू

आमच्या गुहागरकडे कुणाच्या तोंडाला वास येऊ लागला की आजी आधी जीभ दाखवायला लावायची. पांढरा थर दिसला की निदान ठरलेलं, "पोट बिघडलंय." मग ओवा-सैंधव, वर आमसुलाचं पाणी.

थर तिनं बरोबर ओळखलेला असायचा, पण बहुतेक वेळा वासाचं मूळ पोटात नसतं, त्या थरातच असतं. जिभेच्या मागच्या भागात आणि हिरड्यांच्या फटींत हवेवाचून जगणारे जंतू प्रथिनं कुजवतात आणि गंधकयुक्त वायू सुटतात. सोलकढीतल्या लसणीची गोष्ट वेगळी. तिच्यातला एक वायू पोटातून रक्तात, रक्तातून फुप्फुसात जातो. म्हणून दात कितीही घासले तरी तो वास येतच राहतो.

काही जणांच्या बाबतीत मात्र आजीचा संशय खरा ठरू शकतो. १९८४ साली ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल या डॉक्टरांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जंतू मुद्दाम पिऊन पाहिले. काही दिवसांत मळमळ सुरू झाली, तोंडाला घाण वास येऊ लागला आणि तो आधी त्यांच्या आईच्या लक्षात आला. तपासणीत जठराला सूज दिसली. याच जंतूच्या शोधासाठी रॉबिन वॉरन आणि मार्शल यांना २००५ चं नोबेल मिळालं.

हा जंतू युरियापासून अमोनिया बनवतो, त्यानं आजूबाजूचं आम्ल मारतो आणि जठराच्या बुळबुळीत अस्तरात शिरून बसतो. काढे नेमके इथेच कमी पडतात. हळद, ज्येष्ठमध, दालचिनी यांचे अर्क प्रयोगशाळेतल्या बशीत या जंतूची वाढ रोखतात, हे खरं आहे. पण बशीत जंतू अर्कात बुडालेला असतो. पोटात काढा पातळ होतो, थोड्या वेळात पुढे सरकतो आणि अस्तराखाली पुरेसा पोचतच नाही. थायलंडमध्ये रुग्णांना चार आठवडे हळदीच्या गोळ्या दिल्या, तर १७ पैकी एकाचाच जंतू गेला. नेहमीची औषधं दिलेल्या १९ पैकी १५ जणांचा गेला.

म्हणून लवंग चघळा, बडीशेप खा. लाळ सुटते, वास झाकला जातो, लवंगेतलं युजेनॉल तोंडातल्या जंतूंना थोडं आवरतंही. ज्येष्ठमध मात्र रोज, महिनोन्‌महिने घेऊ नका. त्यानं रक्तदाब वाढतो, रक्तातलं पोटॅशियम घटतं.

माझा खरा राग मिशेरीवर आहे. वास जावा म्हणून आमच्याकडच्या कितीतरी बायका सकाळ-संध्याकाळ ती हिरड्यांना चोळतात. ती भाजलेली तंबाखू आहे. हिरड्या तिनंच खराब होतात, वास तिनंच वाढतो, आणि तोंडाच्या कर्करोगाची भीती आहेच. तिच्याऐवजी कडुनिंबाची काडी किंवा साधा ब्रश वापरा आणि रोज जीभ खरवडा.

दात-हिरड्या ठीक असूनही वास जात नसेल, सोबत पोटात जळजळ किंवा दुखणं असेल, तर डॉक्टरांकडून श्वासाची किंवा शौचाची चाचणी करून घ्या. पित्ताच्या गोळ्या चालू असतील तर आधी तसं सांगा. त्या साधारण दोन आठवडे बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर जंतू असूनही चाचणीत दिसत नाही. तो सापडला तर दोन आठवड्यांची प्रतिजैविकं मधेच सोडू नका. शौच काळी झाली किंवा वजन उतरू लागलं तर काढा उकळत बसू नका, त्याच दिवशी तालुक्याला जा.