गाऱ्हाणे मांडणे (ग्रामीण विदर्भ)

तुंबलेली नाली, महिनाभर बंद असलेला पथदिवा, नादुरुस्त हातपंप, चिखलात बुडालेली पांदण (शेताकडची गाडीवाट) अशा रोजच्या अडचणी निवडून दिलेल्या लोकप्रतिनिधीच्या कानावर घालण्याची गावातील रीत. ऐकून घेणारा ग्रामपंचायत सदस्य असतो, सरपंच असतो, कधी जिल्हा परिषद सदस्य किंवा आमदार. ग्रामसभा, मासिक सभा आणि लोकशाही दिन या कायद्याने व शासनाने नेमून दिलेल्या जागा आहेत. पण विदर्भातल्या खेड्यात बहुतेक गाऱ्हाणी पारावर, पानठेल्यावर, आठवडी बाजारात नाहीतर मेंबरच्या ओसरीत सांगितली जातात.

बोलीत सदस्य हा ‘मेंबर’, ग्रामसेवक ‘सचिव’ आणि ग्रामपंचायतीचा शिपाई ‘चपराशी’. २०२४ मध्ये ग्रामसेवकाचे नाव ‘ग्रामपंचायत अधिकारी’ आणि तलाठ्याचे ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे झाले. लोकांच्या तोंडी मात्र सचिव आणि तलाठीच राहिले. ‘तक्रार’ हा शब्द गावकरी जपून वापरतात. तक्रार कोणाच्या तरी विरुद्ध असते, गाऱ्हाणे कोणाजवळ तरी सांगायचे असते. ‘भाऊ, नालीचं पाणी घरात घुसून रायलं, पाहा ना जरा’ असे म्हणणाऱ्याला मेंबरशी भांडायचे नसते. तो मेंबर त्याचा भाऊबंद असतो, त्याच्या धुऱ्याला (बांधाला) धुरा लागून शेत असते, उद्या लग्नाच्या पंगतीत त्याच्याच शेजारी बसायचे असते. शहरातल्या नगरसेवकाला चार ओळी लिहून धाडणे आणि रोज तोंड दाखवावे लागणाऱ्या माणसाला ‘तुझ्या वॉर्डात काम होत नाही’ म्हणणे यांतला हा फरक समजला नाही, तर खेड्यातले लोक गप्प का बसतात हे कळत नाही. त्यांच्या गप्प बसण्याला उदासीनता म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

सांगितलेले आणि लिहिलेले यांत मोठे अंतर राहते. तोंडी सांगितलेले काम मेंबरच्या आठवणीवर टिकते. कागदावर दिलेल्या अर्जाला ‘निवेदन’ म्हणतात. त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक पडला की ती ‘पोच’. ग्रामसभेत किंवा मासिक सभेत विषय निघून ठराव झाला आणि तो इतिवृत्तात उतरला, म्हणजे गावच्या भाषेत ‘प्रोसिडिंगवर आला’, तरच पुढच्या कचेरीत त्याला किंमत मिळते. सभेत तावातावाने बोलणारे पुष्कळ असतात. सभा उठायच्या आत ‘आमचा विषय लिहिला का, वाचून दाखवा’ म्हणणारे थोडे. काम पुढे सरकते ते बहुधा या थोड्यांमुळे.

या रीतीला इतिहास आहे आणि तो विदर्भाच्या दोन भागांत सारखा नाही. वऱ्हाडात, म्हणजे पश्चिम विदर्भात, शेतकरी थेट सरकारला सारा भरी ती रयतवारी पद्धत होती व गावचा कारभार पाटलाच्या चावडीवर चाले. नागपूर, भंडारा, चांदा (आजचे चंद्रपूर) या बाजूला मालगुजारी होती, म्हणजे सारा गोळा करणारा मालगुजारच गावाचा मालक. तिथे तलावाचे पाणी, चराई, जळाऊ लाकूड यांचे गाऱ्हाणे मालगुजाराच्या वाड्यासमोर उभे राहून करावे लागे. मध्य प्रांतातील मालगुजारी १९५१ मध्ये संपली. मालगुजारांचे तलाव ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या नावाने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली भागात अजून धानाला पाणी देतात, आणि त्यांची फुटलेली पाळ नि साचलेला गाळ हे तिथल्या सभांमधले नेहमीचे विषय आहेत. मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी १९४६ मध्ये पंचायत कायदा झाला आणि १९४८ च्या कायद्याने जनपद सभा (तालुका पातळीवरच्या स्थानिक संस्था) आल्या. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेल्यावर १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम लागू झाला. पुढे त्रिस्तरीय पंचायत राज्याची रचना ज्या समितीने सुचवली तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक हे पुसदकडचे. त्या समितीच्या शिफारशींवर १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. गावकऱ्याला मेंबर, पंचायत समिती सदस्य आणि जिल्हा परिषद सदस्य असे तीन दरवाजे मिळाले ते तेव्हापासून.

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली, ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. गावातील प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार सभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे त्यांचे रूढ दिवस. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतले जे कमी असेल ते लागते. सभेची नोटीस फलकावर लागते, दवंडी पिटली जाते. पूर्व विदर्भात तिला मुनादी म्हणतात. पुरेशा कारणाशिवाय सभा न घेणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकते, अशी तरतूद आहे. तरीही गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, तेव्हा दहा-पंधरा जणांत वर्षाचा आराखडा मंजूर झाल्याची उदाहरणे ज्याच्या त्याच्या गावात सापडतात. १५ ऑगस्टला निंदण-डवरणीची घाई आणि २ ऑक्टोबरला सोयाबीनची काढणी; मजुरी बुडवून सभेला बसणे भूमिहीन घराला परवडत नाही. सभेची वेळ मजुराच्या दिवसाशी जुळवायला हवी.

बायकांचे गाऱ्हाणे आणखी एका उंबरठ्यावर अडते. मुख्य ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे, आणि २०११ पासून पंचायतींमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. पाणी भरणे त्यांच्या वाट्याचे, म्हणून हातपंप, नळ, विहीर हे विषय त्याच काढतात. पण सरपंचबाईंकडे नेलेले गाऱ्हाणे त्यांचे यजमान परस्पर ऐकतात, उत्तरही तेच देतात, ही कुरकुर अनेक गावांत आहे. जिथे सरपंचताई स्वतः खुर्चीवर बसतात तिथे बायका ‘ताई’ म्हणत थेट दारात येतात, आणि शौचालयाची वाट, शाळेतले पाणी, गावठी दारू असे पुरुषांच्या सभेत न निघणारे विषय निघतात. दारूचे गाऱ्हाणे तर या भागात जुने. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी १९७० च्या दशकापासून, गडचिरोलीत १९९३ पासून आहे. चंद्रपूरला ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असलेल्या जिल्ह्यात बाई दुकान बंद करा असे सांगायला जात नाही, चोरून विकणाऱ्याचे घर दाखवायला जाते, आणि ते घर गावातलेच असते. यासाठी किती धैर्य लागते ते तिलाच ठाऊक.

अनेक लहान गावे मिळून गटग्रामपंचायत असते. मुख्य गावापासून दूर असलेला बंजारा तांडा, यवतमाळकडचा कोलामांचा पोड, गोंदिया-गडचिरोलीतला टोला यांच्या वाट्याला एखादा मेंबर येतो आणि कार्यालय दोन-चार किलोमीटरवर. सभा मुख्य गावात भरते, ठराव मुख्य गावाचे होतात. अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने आणि त्याखालील महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी हे बदलायची सोय केली आहे: पाड्या-टोल्यालाही स्वतःची ग्रामसभा करता येते. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव याआधीच त्या वाटेने चालले होते. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने घेण्याची त्यांची पद्धत आहे. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला. सगळे गाव एकत्र बसून ठरवते तिथे गाऱ्हाणे कोणापुढे मांडायचे हा प्रश्नच उरत नाही.

इतरत्र तोच प्रश्न सर्वांत अवघड ठरतो. नाली, पथदिवा, गावातला रस्ता, स्मशानशेड ही ग्रामपंचायतीची कामे. डीपी (विजेचे रोहित्र) जळाली तर महावितरण. एसटी थांबत नसेल तर आगार. शाळेत शिक्षक नसेल तर पंचायत समितीचा शिक्षण विभाग. रानडुकरांनी नि रोह्यांनी (नीलगायींनी) हरभरा उलथवला तर वनविभाग. तरी सगळे आधी मेंबरलाच सांगतात आणि त्यात गैर काही नाही. आपला माणूस म्हणून त्याला निवडले ते यासाठीच. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांच्या सखल भागात, विहिरीचे पाणी खारे. तिथे पिण्याचे पाणी दूरच्या धरणावरून प्रादेशिक योजनेने येते, जसे अकोट-तेल्हारा भागात वान धरणावरच्या ८४ खेडी योजनेतून. अशा ठिकाणी नळ कोरडा पडला तर सरपंच स्वतःही त्याच रांगेत घागर घेऊन उभा असतो. लोक त्याला जाब विचारतात. खरा खोळंबा पन्नास किलोमीटर वर असतो.

पैशाची भाषाही लोकांनी शिकून घेतली आहे. १५ व्या वित्त आयोगाच्या (२०२६ पर्यंतच्या) ग्रामीण निधीतला ८० टक्के वाटा महाराष्ट्रात थेट ग्रामपंचायतींना आला, पण २०२१ पासून त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. आराखड्यात नसलेल्या कामावर असा निधी खर्च करता येत नाही, म्हणून ‘पैसे आले, मग आमची गल्ली का नाही’ याचे उत्तर बहुतेक वेळा आधीच्या वर्षीच्या सभेत दडलेले असते. आमदाराकडून रस्ता किंवा सभागृह आणायचे असेल तर चहाच्या टपरीवरही ‘पंचवीस-पंधरात टाका’ असे बोलले जाते. २५१५ हे ग्रामविकास विभागाचे मूलभूत सुविधांचे लेखाशीर्ष. असे काम आणणाऱ्याचे नाव पाटीवर लागते. आराखड्यातून, ठरावातून झालेल्या नालीवर कोणाचेच नाव नसते, आणि पुढाऱ्यांचा कल कुठे असतो हे त्यावरून समजते.

गावच्या वर तालुक्याला पंचायत समितीची आमसभा असते. ती आमदाराच्या अध्यक्षतेखाली भरते आणि तीत सरपंच सगळ्या खात्यांच्या अधिकाऱ्यांना एकाच मंडपात धरतात. जिल्हाधिकाऱ्यांकडे महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदत घालून दिली. मात्र मार्च २०२२ मध्ये अमरावती, यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, बुलढाणा अशा जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि प्रशासक आले. सर्कलचा (जिल्हा परिषद गटाचा) सदस्य हा मधला माणूसच नाहीसा झाला. हापशीच्या दांड्यासाठी लोक थेट आमदाराच्या दारात जाऊ लागले. सरपंचाच्या थेट निवडणुकीचेही असेच झाले: २०१७ मध्ये ती आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. मेंबरांनी निवडलेला सरपंच मेंबरांचे ऐकतो, लोकांनी निवडलेला लोकांचे, असे म्हटले जाते. थेट निवडलेला सरपंच एका पक्षाचा आणि बहुतेक मेंबर दुसऱ्याचे असले की वॉर्डातले साधे काम दोघांच्या मानापमानात अडकते.

पांदणीचे गाऱ्हाणे वेगळे सांगायला हवे, कारण विदर्भाच्या काळ्या जमिनीत त्याहून जुने आणि त्याहून न सुटणारे दुसरे नाही. पांदण म्हणजे गावातून शेतशिवाराकडे जाणारी गाडीवाट. पावसाळ्यात तिच्यात बैलाचा पाय गुडघाभर रुततो, खताचे पोते डोक्यावर न्यावे लागते, वेचलेला कापूस गाठोडे बांधून पायी आणावा लागतो, आजारी माणसाला बाजेवर घालून डांबरी सडकेपर्यंत आणावे लागते. दुरुस्तीला पैसा आहे. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना रोजगार हमीच्या जोडीने आली. पण पांदण दोन्ही बाजूंनी नांगरटीखाली गेलेली असते. ती मोकळी करायची तर सरपंचाला दोन्ही धुऱ्यांवरच्या मतदारांना दुखवावे लागते, म्हणून तो तहसीलदाराकडे बोट दाखवतो. तहसीलदाराला मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली अडवलेली वाट खुली करून देण्याचा अधिकार आहे. जुन्या मध्य प्रांताच्या भागात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे गावाच्या वहिवाटीचे दस्त असतात. गाडीवाट, चराई, पाणी यांचे हक्क त्यांत लिहिलेले असतात, आणि त्यांची नक्कल हातात असेल तर सभेतला आवाज एकदम बदलतो.

मग ऋतूचा अडसर. गाऱ्हाणे जुलैत निघते, तेव्हा मुरूम टाकता येत नाही. काम होऊ शकते ते फेब्रुवारी ते मे, तेव्हा वाट कोरडी ठणठणीत असते आणि कोणाला तिची आठवण नसते. रोजगार हमीच्या पुढच्या वर्षाच्या कामांची यादी ऑक्टोबरमधल्या ग्रामसभेत धरण्याची रीत आहे. त्या दिवशी पांदणीत अजून ओल असते, सोयाबीन शेतात उभे असते, आणि ज्या घराला त्या वाटेने ते आणायचे असते त्या घरातले कोणीतरी सभेला यावे लागते.